पाणी कुठवर आलं होतं, ते लिहून द्या

प्रति,
सांगली, मिरज, कुपवाड आणि आसपासच्या गावांतले, मध्ये दलाल न घालता आपली जुनी चारचाकी स्वतःच विकायला काढलेले सर्व गाडीमालक

विषय : गाडी विकताना कागदावर काय काय आणायचं याबद्दल

स.न.वि.वि.

जुनी गाडी घेणाऱ्याला सल्ला देणारे आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. टायर बघ, बोनेटच्या बोल्टांना कुणी पाना लावलाय का बघ, इंजिन गार असतानाच चालू करायला लाव, धूर कसला येतोय बघ. विकणाऱ्याशी मात्र कुणी बोलत नाही. त्यानं किंमत सांगायची, चहा पाजायचा आणि चावी द्यायची, एवढंच त्याचं काम असा समज आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

मी विमा सर्वेक्षक होतो. अपघातात, आगीत, पुरात सापडलेल्या गाड्या बघायच्या, नुकसान किती झालं ते ठरवायचं आणि अहवाल द्यायचा, यात माझी नोकरी गेली. आता निवृत्त आहे, पण भाचे-पुतणे, कॉलनीतली मंडळी, कुणाकुणाचे जावई गाडी बघायला निघाले की मला गाडीत घालून नेतात. फुकटचा जाणकार कुणाला नको असतो? त्यामुळं तुमच्यासारख्या मालकांच्या अंगणात उभं राहून, "काका, गाडीला बोट लावायला जागा नाही बघा," हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय. त्यातले बहुतेक लोक खोटारडे नसतात, हेही सांगतो. त्यांना गाडीबद्दल जे माहीत असतं ते ते तोंडी सांगतात, अर्धं सांगतात, आणि चावी दिली की सुटलो असं समजतात. माझं मागणं एवढंच आहे की जे ठाऊक आहे ते लिहून द्या, आणि आरटीओच्या नोंदीतून तुमचं नाव उतरेपर्यंत व्यवहार झाला असं मानू नका.

आधी पाण्याचं. सांगलीत गाडी विकायची तर या प्रश्नाला बगल देता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी आहे ४५ फूट. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. २००५ चा तर त्याच्याही आधीचा. गावभाग, मारुती चौक, टिळक चौक, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रस्ता, हरिपूर रस्ता, शामरावनगर, ही नावं घेतली की सांगलीकराला पुढचं सांगावं लागत नाही. २०१९ ला लोकांनी म्हातारी माणसं बाहेर काढली, जनावरं सोडवली, जमेल ते माडीवर चढवलं. गाडी कुणाच्या ध्यानात राहणार? ज्यांना वेळेवर सुचलं त्यांनी ती मिरज रस्त्याला नेऊन लावली. बाकीच्या दारातच उभ्या राहिल्या आणि कित्येक दिवस पाण्यात राहिल्या.

सर्वेक्षकाला अशा गाडीत पहिली गोष्ट बघायची असते ती पाण्याची रेघ. पाणी पायाखालच्या कार्पेटपर्यंत आलं, सीटच्या गादीपर्यंत आलं की डॅशबोर्डपर्यंत, यावर सगळं ठरतं. कार्पेटपर्यंतच आलं असेल आणि मालकानं घाई करून स्टार्टर मारला नसेल, तर गाडी वाचते. कार्पेट आणि त्याखालचा फोम बाहेर काढून वाळवायचा किंवा बदलायचा, ब्रेक उघडून साफ करायचे, गिअरबॉक्सचं आणि इंजिनचं ऑइल बदलायचं, खालचे वायरिंगचे जोड तपासायचे. अशा गाड्या पुढं वर्षानुवर्षं धावताना मी बघितल्यात. सीटपर्यंत आलं की खर्च वाढत जातो, कारण बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचा कंट्रोल युनिट मधल्या कन्सोलखाली, जमिनीलगतच बसवलेला असतो. आणि डॅशबोर्ड बुडाला की मग वायरिंगचा सगळा जुडगा, फ्यूज बॉक्स, मीटर, एसी, सगळंच गेलं. तांब्याच्या तारेत शिरलेला ओलावा लगेच दिसत नाही. हिरवट बुरशी धरायला महिने लागतात, आणि मग एक दिवस रात्री कवठेमहांकाळच्या रस्त्याला गाडीचे दिवे आपोआप जातात.

दुरुस्तीचा अंदाज विमा उतरवलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की ती गाडी टोटल लॉस धरतात. मालकाला पैसे मिळतात, सांगाडा लिलावात जातो किंवा मालकाकडंच ठेवून तेवढी रक्कम वजा होते. कायमची निकामी झालेल्या गाडीबद्दल मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५५ स्पष्ट आहे : मालकानं १४ दिवसांत कळवायचं आणि आरसी, म्हणजे नोंदणीचा दाखला, परत करायची. प्रत्यक्षात बऱ्याच सांगाड्यांबरोबर आरसीही जाते, कारण सांगाड्याला खरी किंमत त्या कागदामुळं येते. दुसऱ्या गावात गाडी उघडली जाते, धुतली जाते, सीटला नवी कव्हरं चढतात, आत अत्तराची बाटली टांगली जाते आणि "लेडीज युज्ड" म्हणून ती परत येते. हे व्यापाऱ्यांचं झालं. माझं पत्र त्यांना नाही, पण त्यांच्यामुळं घेणारा आज प्रत्येक एमएच १०, म्हणजे सांगलीच्या नंबरच्या, गाडीकडं संशयानं बघतो, आणि त्यात तुमच्या साध्या, फक्त कार्पेट भिजलेल्या गाडीचीही किंमत पडते. यावर तुमच्या हातात एकच उपाय आहे, उघड सांगणं.

एक उदाहरण सांगतो, माणसाचं आणि गल्लीचं नाव घेत नाही. पुतण्यासाठी गाडी बघायला गेलो होतो. मालक चांगल्या घरचे, बोलायला गोड. "पुरात आमची गाडी विट्याला होती ओ, सासुरवाडीला." मी मागच्या सीटचा पट्टा पूर्ण ओढला. पट्टा कुणी धूत नाही, रोजच्या वापरात तो अर्धाच बाहेर येतो, आतला भाग वर्षानुवर्षं गुंडाळलेला राहतो. आतल्या हातभर भागावर गाळाची तपकिरी रेघ होती. मी काही बोललो नाही, त्यांनीही बघितलं. चहा घेतला आणि निघालो. वाईट याचं वाटलं की पाणी सीटच्या खालीच थांबलेलं होतं. त्यांनी आधीच सांगितलं असतं तर पुतण्यानं थोडी घासाघीस करून तीच गाडी घेतली असती. इंजिन खरंच चांगलं होतं. पण विट्याची गोष्ट ऐकल्यावर बाकीच्या कुठल्याच वाक्यावर विश्वास बसेना.

तर लिहायचं काय? दोन ओळी पुरतात. "सदर गाडीत ऑगस्ट २०१९ च्या पुराचे पाणी पायाखालच्या कार्पेटपर्यंत आले होते. सीट व डॅशबोर्डपर्यंत आले नाही. कार्पेट, स्टार्टर मोटर व पुढील ब्रेक यांचे काम केले, बिले सोबत जोडली आहेत." खाली सही, तारीख. पाणी आलंच नसेल तर तेही लिहा. अपघातात पुढचा फेंडर बदलला असेल, दरवाजा रंगवला असेल, क्लच प्लेट टाकली असेल, तर एका कागदावर सगळं मावतं. अशा कागदामुळं दोन पैसे कमी मिळतील असं तुम्हाला वाटेल. मिळतीलही. पण हा कागद घेणाऱ्यापेक्षा तुमच्याच जास्त कामाचा आहे.

कसा, ते ऐका. तुम्ही व्यापारी नाही, घरची एक गाडी विकताय, त्यामुळं घेणाऱ्याला तुमच्याविरुद्ध ग्राहक आयोगात सहसा जाता येत नाही. उरतो १८७२ चा करार कायदा. त्याच्या १७ व्या कलमाखाली असं स्पष्टीकरण आहे की, बोलण्याचं बंधन नसेल तिथं नुसतं गप्प बसणं ही फसवणूक होत नाही. हे वाचून काही जण हसतील : मग गप्पच बसतो की! पण हल्ली घेणारा व्हॉट्सअॅपवर सरळ विचारतो, "पाण्यात गेली होती का?" तुम्ही "नाही" टाइप केलं, की तुम्ही गप्प राहिलेला नसता. ते खोटं उत्तर असतं, तारीख-वेळेसकट त्याच्या फोनमध्ये जपून ठेवलेलं, आणि त्यावर करार रद्द करायला तो दिवाणी न्यायालयात जाऊ शकतो. उलट खरं काय ते आधी लिहून दिलं असेल, तर "मला सांगितलं नाही" असं त्याला कधीच म्हणता येणार नाही.

आणि लपवलं तरी ते राहत नाही. विम्याची पॉलिसी बोलते. क्लेम न घेतल्याबद्दल स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात सूट मिळते ती २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी पायरीपायरीनं चढते, आणि क्लेम घेतला की साधारणपणे शून्यावर येते. गाडी पहिल्यापासून एकाच मालकाची, विमा कधी खंडित नाही, आणि आठव्या वर्षीच्या पॉलिसीत सूट २० टक्के दिसतेय, तर अलीकडंच क्लेम घेतलेला आहे, एवढं कुणालाही कळतं. (ही सूट गाडीची नसते, तुमची असते. विकताना ती गाडीबरोबर जात नाही. कंपनीकडून पत्र घेऊन तुमच्या पुढच्या गाडीला लावता येते. बरेच जण हे विसरतात आणि हक्काचे पैसे सोडतात.)

मीटरबद्दल एकच वाक्य. मागं फिरवू नका. ब्रेकच्या पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची झिजलेली चकाकी खरा आकडा सांगतात.

आता नाव उतरवण्याचं, आणि इथं मी जरा कडक बोलणार आहे.

आपल्याकडं रीत काय आहे? पैसे मिळाले, स्टँपपेपरवर नोटरी केली, २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून दिल्या. तारीख कोरी, घेणाऱ्याचं नाव कोरं. "तुमचं तुम्ही टीटीओ करून घ्या." (टीटीओ म्हणजे आरटीओच्या नोंदीत मालकाचं नाव बदलणं.) घेणाराही खूश, कारण त्याला वर्षभरानं पुढं विकायची असली तर त्याच कोऱ्या फॉर्मवर तिसऱ्याचं नाव घालता येतं. अशी गाडी तीन-चार हात फिरते आणि नोंदीत मालक तुम्हीच.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणं, विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात विकली तर १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं. हे कळवणं म्हणजेच फॉर्म २९. घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा, तो फॉर्म ३०. म्हणजे २९ हे तुमचं काम आहे. घेणाऱ्यावर उपकार म्हणून सही करून द्यायचा तो कागद नव्हे. आणि त्याच कायद्यानं 'मालक' कोण, तर ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे तो. स्टँपपेपरवर काय लिहिलंय याच्याशी अपघाताच्या खटल्यात संबंध येत नाही.

हे पुस्तकी नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं असंच प्रकरण आलं होतं. पहिल्या मालकानं गाडी विकली, ती पुढं आणखी हात फिरली, दप्तरात मात्र पहिल्याचंच नाव राहिलं आणि मग अपघात झाला. भरपाईची जबाबदारी न्यायालयानं नोंदणीकृत मालकावर, म्हणजे त्या पहिल्यावरच ठेवली. कारणही पटण्यासारखं आहे : ज्याचा माणूस गेला त्यानं ही गाडी कुणी कुणाला विकली याचा माग काढत का फिरावं?

तुम्ही म्हणाल, विमा असतो की. असतो, चालू असेल तोवर. गाडी विकली की थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, विमा कायद्यानंच तिच्याबरोबर जातो, कलम १५७. पॉलिसीवर स्वतःचं नाव लावायला घेणाऱ्यानं १४ दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. ते केलं नाही तर त्याच्या स्वतःच्या नुकसानीचे पैसे अडकतात. हे त्याचं दुखणं. तुमचं दुखणं पुढच्या वर्षी सुरू होतं. विमा संपतो, आठवणीचा मेसेज तुमच्या मोबाईलवर येतो, "आपण तर गाडी विकली" म्हणून तुम्ही तो पुसून टाकता, तिकडं घेणाराही हप्ता भरत नाही. विमा नसलेली गाडी, नोंदीत तुमचं नाव, आणि रस्त्यावर कुणीतरी तिसराच चालवतोय. अशा अपघातात भरपाईची नोटीस कुणाच्या दारात येणार ते वेगळं सांगायला नको.

मिरजेच्या लोकांना आणखी एक धोका आहे. म्हैसाळ ओलांडलं की कर्नाटकातलं कागवाड, पुढं अथणी, उगार. गिऱ्हाईक तिकडचं येतं, भाव बरा देतं, सोयरीकही असते. राज्याबाहेर विकताना कळवायची मुदत ४५ दिवस आहे आणि आपल्या आरटीओकडून ना हरकत दाखला लागतो, फॉर्म २८. पण घेणाऱ्याला तो नकोच असतो. गाडी तिकडं नोंदवायची तर कर्नाटकात रोड टॅक्स भरावा लागतो. म्हणून "एमएच १० च राहू दे की, रोज मिरजेला येणं-जाणं असतंय" असं गोड बोलून तो वर्षानुवर्षं तुमच्या नंबरवर फिरतो. कायद्यानं दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांच्या वर ठेवली की तिथं नोंदणी करावीच लागते. तो ती करणार नाही. तुम्ही दाखला काढून त्याच्या हातात ठेवलात आणि त्याची एक प्रत स्वतःकडं ठेवलीत, तरच तुम्ही सुरक्षित. दाखला नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला गाडी देऊ नका, मग तो मेहुणा असला तरी. मेहुणा असला तर जास्तच नको. नात्यातल्या व्यवहारात नाव बदलून घे म्हणायला तोंड उघडत नाही आणि गाडी दहा-दहा वर्षं तशीच राहते.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे वारलेल्या वडिलांच्या नावावरची गाडी. मुलगा विकायला काढतो, गिऱ्हाईक ठरतं, आरसीवर नाव वडिलांचं. मग कुणीतरी शहाणा सांगतो, "कशाला दोनदा खर्च? सही मारून टाक." ती खोटी सही असते, गुन्हा असतो. वडिलांच्या माघारी वारसानं ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आधी स्वतःच्या नावावर करून घ्यायची. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते. बहिणींची सहीही लागते, आणि खरी अडचण बऱ्याचदा तिथंच असते. गाडीच्या निमित्तानं जमिनीचाही विषय निघेल ही धास्ती. तो तुमचा घरचा प्रश्न, मी काय बोलणार? पण तो सुटेपर्यंत गाडी जाहिरातीत घालू नका. घेणाऱ्यानं इसार दिल्यावर त्याला हे कळतं तेव्हा त्याचा काय दोष?

कर्जाचं तसंच. हप्ते फिटून पाच वर्षं झाली तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच असतो, कारण एचपी, म्हणजे तो बोजा, उतरवायला कुणी गेलंच नाही. आपल्या भागात गाडीचं कर्ज सहकारी बँकांचं, पतसंस्थांचं फार. त्यातली एखादी विलीन झालेली असते, एखादी अवसायनात गेलेली, शाखा कुठं हलली ते शोधावं लागतं. फॉर्म ३५ वर तिथली सही-शिक्का आणि कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला, हे मिळवायला लागणारा वेळ घेणाऱ्याच्या माथी मारू नका. गिऱ्हाईक शोधायच्या आधीच हे करा. तेव्हाच वाहन पोर्टलवर आपली गाडी एकदा बघून घ्या : बोजा, विमा, पीयूसी, नोंदणीची मुदत सगळं दिसतं. प्रलंबित चलनं भरून टाका. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलीय का बघा, ती नसेल तर नाव बदलायचं काम अडतं. आणि नोंदीत मोबाईल नंबर कुठला आहे ते बघा. आता अर्ज ऑनलाइन होतो आणि ओटीपीवर काम चालतं; नंबर त्या काळच्या एजंटाचा टाकलेला असेल, तर तुमच्या गाडीचा ओटीपी कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो.

पैशाचं थोडक्यात. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेऊ नका. आयकर कायद्यात एका व्यवहारात तेवढी रोख घ्यायला मनाई आहे आणि घेणाऱ्याला, म्हणजे पैसे घेणाऱ्या तुम्हालाच, तेवढाच दंड होऊ शकतो. बँकेतून घ्या. रक्कम जमा झाल्याचा मेसेज गिऱ्हाइकाच्या फोनवर नव्हे, स्वतःच्या खात्यात बघा. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा, किलोमीटरही लिहा. दुपारी दोनला गाडी दिली आणि संध्याकाळी सातला तिनं कुणाला धडक दिली, तर पोलिसांपुढं तेवढाच कागद तुमच्या बाजूनं बोलतो. स्टँपपेपर पूर्वी शंभरचा चालायचा, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा लागतो. लोकांना वाटतं त्यात मोठी ताकद आहे. तो तुमच्या दोघांतला पुरावा आहे, आणि तेवढाच.

एक सवय मात्र मला मनापासून खटकते, ती सांगतो. घेणाऱ्यानं "आमचा मिस्त्री एकदा बघून जाईल" म्हटलं की आपल्या माणसाचा चेहरा पडतो. "आमच्यावर विश्वास नाही काय?" घरच्या गाडीला दसऱ्याला हार घातलेला असतो, पोरं तिच्यातून शाळेला गेलेली असतात, तिला परका माणूस खालून वाकून बघतो हे बघवत नाही. ही माया मी समजू शकतो. पण तो तुमची परीक्षा घेत नाही, लोखंड तपासतोय. त्याला गाडी एकदा लिफ्टवर चढवू द्या, सकाळी लवकर बोलवून गार इंजिन चालू करू द्या, पाहिजे तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन जुनी नोंद काढू द्या. त्यानं बघून, समजून घेतलेली गाडी परत तुमच्या दारात भांडायला येत नाही. गिऱ्हाइकाला गाडी चालवायला देताना मात्र त्याचं लायसन्स बघा आणि शेजारच्या सीटवर तुम्ही बसा. चावी देऊन "या फिरवून" म्हणणारे दिलदार लोक इकडं फार आहेत. गाडी फिरवून परत आलीच नाही, तर हातून चावी दिली होती हे विमा कंपनीला समजावताना नाकी नऊ येतात.

काहींना हे सगळं वाचून वाटेल, एवढा व्याप कोण करणार, सरळ जुन्या गाड्यांच्या दुकानात देऊन मोकळं होऊ. खुशाल द्या. पण तिथंही विचारा, तुमच्याकडं आरटीओचं अधिकारपत्र आहे काय? जुन्या, म्हणजे आधीच नोंदणी झालेल्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला १ एप्रिल २०२३ पासून ते घ्यावं लागतं, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचं फॉर्म २९ सी मध्ये ऑनलाइन कळवलं की पुढं ती विकली जाईपर्यंत तोच मालक मानला जातो. विकणाऱ्याच्या दृष्टीनं अलीकडच्या काळात झालेला हा सगळ्यात उपयोगी बदल आहे, आणि तो फार थोड्या लोकांना माहीत आहे. अधिकारपत्र नसलेल्या दुकानात गाडी "विक्रीला लावणं" म्हणजे कोऱ्या फॉर्मवर सही करून ती चौकात उभी करून येणं.

व्यवहाराच्या दिवशी तुम्ही दोघांनी मिळून अर्ज भरावा, ओटीपी समोरासमोर टाकावेत, अर्जाचा नंबर तुमच्याही फोनमध्ये असावा. हजार-दोन हजार रुपये किमतीतून "नाव बदलल्यावर देईन" असं घेणाऱ्यानं नव्हे, तुम्हीच म्हणून बघा : "थोडे पैसे तुमच्याकडंच राहू देत, नवी आरसी आली की फोटो पाठवा आणि द्या." असे दोन व्यवहार मी बघितलेत, एकातही विलंब झाला नाही. आणि महिन्याभरानं पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बदललंय का ते स्वतः तपासा. नाव पूर्ण दिसत नाही, मधली अक्षरं झाकलेली असतात, पण आपलं आहे की नाही एवढं ओळखू येतं.

आपला,
एक निवृत्त विमा सर्वेक्षक
विश्रामबाग, सांगली

ता. क. : फास्टॅग राहिलाच. काचेवरचा टॅग तसाच ठेवून गाडी देऊ नका. आधी बँकेच्या अॅपवरून तो बंद करा, मगच काच खरवडा. नाहीतर नवा मालक पुण्याला निघाला की तासवडे आणि आनेवाडीच्या टोलनाक्यांचे पैसे तुमच्या खात्यातून जात राहतील, आणि नवा टॅग काढायला गेला तर त्या नंबरवर आधीच एक चालू आहे म्हणून त्याचंही काम अडेल.